पावनखिंडीत टायमिंग चिप

आमच्या बावड्यातल्या रनिंग ग्रुपवर गेल्या पावसाळ्यापासून एक वाद चाललाय आणि तो मिटायची लक्षणं नाहीत. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर अल्ट्रा रेस घ्यावी का? म्हणजे बिब नंबर, टायमिंग चिप, कटऑफ, फिनिशरला मेडल, सगळं रीतसर. एक गट म्हणतो, ‘असला ट्रेल दारात असताना आपण डोंगरात पळायला पुण्याला पैसे भरून जातोय, काय अर्थ हाय काय?’ दुसरा गट म्हणतो, जिथं माणसं कापली गेली तिथं मेडल वाटायचं, लाज वाटायला पाहिजे. तिसरा गट नुसते थम्सअप टाकतो.

मला यात एवढंच खटकतं की दोन्ही बाजू इतिहासाचा दाखला देतात आणि दोघांच्याही हातात अर्धाच इतिहास असतो. कसबा बावड्यात वाढलेल्या माणसाला इतिहासाशिवाय सुटका नाही. शाहू महाराजांचा जन्म इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर. पण दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा, म्हणून हा लेख.

आधी १६६०. मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, भर पावसात शिवाजी महाराज गडावरून निघाले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. खरी पालखी सहाशेच्या आसपास मावळ्यांसह विशाळगडाच्या दिशेनं गेली. मागे सिद्दी मसूद. गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदलांची माणसं थांबली, पालखी पुढं गेली. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी वेढा घालून बसले होते, तो फोडून महाराज १३ तारखेला गडावर पोहोचले. सगळं अंतर साठ किलोमीटरच्या वर. आजच्या व्याख्येत ४२.१९५ किलोमीटरच्या पुढचं सगळं अल्ट्रा, म्हणजे ही अल्ट्रा झाली. रात्रीची, चिखलाची, जंगलातली आणि कटऑफ चुकला तर जीव जाणारी.

पण यात पळालं कोण? ग्रुपवर सगळे ‘महाराज पळाले त्या वाटेवर आपण पळायचं’ असं लिहितात. महाराज पालखीत होते. पळाले ते भोई आणि बरोबरचे मावळे. खांद्यावर दांडी, पायाखाली निसरडी वाट, कुणी दमला की चालता चालता खांदा बदलायचा, पालखी खाली टेकवायची नाही. लांब अंतराच्या पळण्याचं आपल्या भागातलं हे सगळ्यात मोठं उदाहरण आणि त्यातल्या एकाही भोयाचं नाव आपल्याला पाठ नाही. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशीदची समाधी आहे आणि असायलाच हवी. भोयांचं काहीच नाही.

परदेशात ‘फास्टेस्ट नोन टाइम’ नावाचा एक प्रकार आहे, पोरं त्याला एफकेटी म्हणतात. रेस नाही, आयोजक नाही. एखादी वाट सगळ्यात कमी वेळात कोण पार करतं ते जीपीएसच्या पुराव्यासकट नोंदवायचं. त्यात तीन प्रकार असतात. कुणाची तरी मदत घेऊन पळालेलं, वाटेत दुकानात वगैरे आपलं आपण घेऊन पळालेलं आणि सगळं पाठीवर नेऊन पळालेलं. यातला खरा पराक्रम कुठला यावर तिकडं पानंच्या पानं भांडणं होतात. आमच्यातल्या एकानं पन्हाळा-पावनखिंडची एफकेटी काढायची टूम काढली तेव्हा मी विचारलं, भोयांची कुठल्या प्रकारात धरायची? ते तर दुसऱ्यालाच सपोर्ट देत होते.

आपल्याकडं पळणं हे बहुतेक वेळा दुसऱ्यासाठीच असायचं. पेशवाईतली पत्रं वाचली की ‘जासूद जोडी’, ‘कासीद जोडी’ हे शब्द सारखे भेटतात. पत्र घेऊन पळणारी माणसं दोघं दोघं जायची. एक आजारी पडला, साप चावला, लुटला गेला तर दुसरा पत्र पोहोचवेल, असा त्यातला सरळ हिशोब दिसतो. त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला कासीद १७६१ सालचा. पानिपतची लढाई १४ जानेवारीला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडं निघाले होते. नर्मदेच्या आसपास त्यांना सावकारांचा एक कासीद सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत मोती, मोहरा आणि रुपये-खुर्दा अशा सांकेतिक भाषेत नुकसानीचा हिशोब होता आणि पेशव्यांना पराभव कळला तो असा. ग्रँट डफनं या कासिदाबद्दल लिहिलंय की पानिपतहून औरंगाबादला नवव्या दिवशी पोहोचायचं असा त्याचा करार होता.

नकाशावर पानिपत ते औरंगाबाद सरळ रेघ मारली तरी हजार किलोमीटरच्या वर भरते. म्हणजे दिवसाला जवळपास १२० किलोमीटर, नऊ दिवस, ओळीनं. तुलनेसाठी, यानिस कुरोस हा ग्रीक धावपटू, ज्याला अल्ट्रातला देव मानतात, त्यानं १९८८ मध्ये हजार मैल म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर साडेदहा दिवसांच्या आत पार केले. ते मोजून आखलेल्या फेऱ्यांवर, खायला-प्यायला द्यायला माणसं हाताशी ठेवून. एका कासिदानं एकट्यानं तो करार पाळायचा म्हणजे कुरोसच्या पंगतीत बसायचं, तेही चंबळ ओलांडून. माझा अंदाज, वाटेत माणूस किंवा घोडा बदलत असणार. आजचा एफकेटीवाला असता तर जीपीएस फाईल मागितली असती. सावकाराला फक्त चिठ्ठी हवी होती.

घड्याळ आलं कुठून मग? लांब अंतर पळून किंवा चालून लोकांना तिकीट लावून दाखवायचं, हा धंदा एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत भरभराटीला आला. पेडेस्ट्रियनिझम म्हणायचे त्याला. बंदिस्त हॉलमध्ये सहा दिवस गोल गोल फिरायचं. सहाच का, तर रविवारी असला तमाशा चालत नसे. प्रेक्षक पैजा लावायचे, पेपर रोजचे आकडे छापायचे. त्यातला मोठा तारा एडवर्ड पेसन वेस्टन. १८७६ मध्ये लंडनला आल्यावर तो चालताना कोकाची पानं चघळतो असं उघडकीला आलं आणि डॉक्टरांपासून वाचकांपर्यंत सगळे भांडायला लागले. ही फसवणूक की औषध? आज ट्रेलवर हीच चर्चा ट्रामाडॉल आणि आयब्युप्रोफेनच्या नावानं चालते. ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेत बंद झालं. आयब्युप्रोफेन मेडिकलमध्ये कुणालाही मिळतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तासन्‌तास पळायचं आणि वर ही गोळी, हे मूत्रपिंडाला घातक, हे माहीत असून निम्मे लोक खिशात पट्टी ठेवतात. आमच्या ग्रुपवर ‘चाळीस किमीनंतर एक टाक’ हा सल्ला मी स्वतः वाचलाय.

आता मराठी मातीवर येऊ, कारण इथली गोष्ट जास्त चांगली आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा हजर होते. पळणारे बहुतेक शेतकरी घरातले, अनवाणी, नियमांचा फारसा पत्ता नसलेले. पण लांबच्या शर्यतीतल्या त्यांच्या वेळा टाटांना युरोपातल्या वेळांच्या जवळपास वाटल्या. गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या मागं लागून त्यांनी पुढच्या वर्षीच्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची खटपट सुरू केली आणि खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला. त्या वेळचा एक किस्सा टाटांनीच पुढं पत्रात लिहून ठेवलाय. समितीतल्या एका मोठ्या माणसाला विचारलं, ऑलिंपिकला शंभर मीटरला किती वेळ लागायला हवा? त्यानं उत्तर मिनिटांत दिलं. इथं सेकंद आणि सेकंदाचे दहावे भाग मोजतात म्हटल्यावर तो माणूस थक्क झाला.

मला हा किस्सा हसण्यासारखा वाटत नाही. तो माणूस मूर्ख नव्हता. त्याच्या जगात शर्यत म्हणजे कोण पुढं, कोण मागं, एवढंच होतं. चैत्र यात्रेला कोल्हापुरातून जोतिबाला अनवाणी चालत जाणारा माणूस आजही किती वाजता पोहोचलो ते सांगतो, किती वेळात पोहोचलो ते सांगत नाही. आळंदीहून पंढरपूरला चालणाऱ्यांत पहिला कोण आला हा प्रश्नच येत नाही.

त्या संघात बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० ला ते अँटवर्पची मॅरेथॉन धावले. ती ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन, ४२.७५ किलोमीटरची. फिनलंडचा हानेस कोलेह्‌मायनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले १९ वे, २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. आजचे बूट, जेल आणि दर पाच किलोमीटरला पाणी मिळूनही आमच्या ग्रुपवर तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवणारे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. तरीही फडेप्पा चौगुले हे नाव मी टाकलं तेव्हा ‘हे कोण?’ असा मेसेज आला. कार्बन प्लेटच्या बुटांनी किती सेकंद वाचतात यावर मात्र तीन दिवस चर्चा झाली होती.

चौगुले ज्या ऑलिंपिकमध्ये धावले तिथं पैसे घेऊन खेळणाऱ्याला बंदी होती. जिम थॉर्पनं बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते म्हणून १९१३ मध्ये त्याची दोन सुवर्णपदकं काढून घेतली गेली. ‘पैसा आला की खेळ बाटतो’ हे वाक्य ट्रेल रनिंगमध्ये अजून ऐकू येतं. २०२१ मध्ये आल्प्समधली यूटीएमबी ही सगळ्यात मोठी ट्रेल रेस आणि आयर्नमॅन कंपनी एकत्र आल्यावर तर फारच. आता शामोनीला पळायचं तर त्यांच्याच साखळीतल्या रेसा आधी पळून ‘स्टोन’ गोळा करावे लागतात आणि मग लॉटरी. म्हणजे एका रेससाठी दुसऱ्या रेसची फी, दुसऱ्या देशाचं विमान. यावरची चीड मला समजते. पण तिच्या आडून ‘पळणं हे पैशासाठी नसतं’ असं कुणी म्हटलं की मला आपल्या गावातलाच इतिहास आठवतो. शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. आपल्याकडं जत्रेच्या कुस्तीला नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत इनाम असतं आणि त्यानं कुस्ती बाटली असं कोल्हापुरात म्हणून दाखवा. खेळातून पैसा नको हा नियम ज्यांच्या घरात पैसा होता त्यांनी केला होता. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारी साडीत अनवाणी पळून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आलेल्या लता भगवान करे यांना बक्षिसाच्या रकमेसाठीच पळायचं होतं. त्यांच्यावर पुढं सिनेमा झाला, त्यात त्या स्वतः दिसल्या. त्यांच्या पळण्यात काय कमी शुद्ध होतं?

‘परंपरा’ या शब्दाचंही तसंच. रेसविरोधी गट सारखा म्हणतो, या वाटेची परंपरा वेगळी, इथं स्पर्धा नको. ऐकायला बरं वाटतं. पण दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, जिला आपल्याकडचे रनर आता पंढरीसारखे जातात, तीही स्मरणाची रेस. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांसाठी व्हिक क्लॅपमनं २४ मे १९२१ ला ती सुरू केली, ३४ जण धावले. त्या परंपरेत बाई नव्हती आणि काळा माणूस नव्हता. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड आणि १९३५ मध्ये रॉबर्ट म्चाली पूर्ण अंतर पळाले, पण अनधिकृत. अधिकृत प्रवेश सगळ्यांना मिळाला १९७५ मध्ये. म्हणजे चोपन्न वर्षं परंपरा जपली गेली. मी बाई आहे, त्यामुळं कुणी परंपरा म्हटलं की माझा हात आपोआप अशा तारखा शोधायला जातो. पन्हाळ्याच्या वाटेवर रात्रीची रेस ठेवायची ठरली आणि ‘लेडीजसाठी सकाळी वेगळी पाच किलोमीटर’ असं पोस्टर आलं तर मला नवल वाटणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतली बार्कली ही ट्रेलवरची सगळ्यात क्रूर समजली जाणारी रेस जॅस्मिन पॅरिसनं पुरी केली, साठ तासांच्या मुदतीला ९९ सेकंद उरले असताना. ती पुरी करणारी ती पहिली बाई.

तरी मी रेसच्या बाजूनं नाही. निदान जुलैतल्या रेसच्या बाजूनं तर अजिबात नाही, आणि त्याचं कारण श्रद्धा नाही, हवामान आहे.

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची ट्रेल रेस होती. १७२ जण उतरले. उंचावर अचानक वारा, गारा आणि गारठा आला. वारा अडवणारं जॅकेट सक्तीचं नव्हतं, बरोबर घ्या असं नुसतं सुचवलेलं होतं. २१ जण गारठून मेले, त्यांत चीनमधले नामांकित धावपटू होते. सहा जणांना एका मेंढपाळानं गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. त्यानंतर चीननं असल्या रेसा काही काळ बंदच ठेवल्या. सक्तीचं सामान किती असावं, आयोजकानं रेस कधी थांबवावी, ही चर्चा जगभर तेव्हापासून जास्त गंभीर झाली.

आपल्याकडं बर्फ नाही, पण मसाई पठारावर जुलैतला वारा ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको. ओल्या कपड्यात, उपाशी पोटी, रात्रभर. पुन्हा कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय हे बावड्याला कुणी शिकवू नये. राजाराम बंधाऱ्याची पातळी हा आमच्याकडं क्रिकेटच्या स्कोअरसारखा विषय. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला व २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. जेव्हा अर्धा जिल्हा जनावरं सोडवत असतो, तेव्हा ॲम्ब्युलन्स आणि बचावाची माणसं डोंगरात मेडलवाल्यांच्या मागं ठेवायची? दरवर्षी मोहिमेला जाणारी हजारो माणसं त्या दिवसांत जातातच, असं उत्तर मिळतं. जातात, पण दोन दिवस घेऊन चालतात, गावांत मुक्काम करतात, आणि पुढच्याला गाठायचं म्हणून कुणी ओढा ओलांडत नाही. घड्याळ लावलं की माणूस वेगळे निर्णय घेतो, हे पळणाऱ्या प्रत्येकाला स्वतःवरून माहीत असतं.

आणि मसाई पठार म्हणजे रिकामी जागा नव्हे. जांभ्या दगडावरचा बोटभर मातीचा थर, त्यावर पावसानंतर येणारी फुलं, कडेला पांडवदऱ्याची लेणी. राज्य सरकारनं ते संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलंय. पन्हाळा २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेला, म्हणजे गर्दी वाढणारच. साताऱ्याकडं कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या माणसांवर मर्यादा घालायची वेळ आली. ओल्या पठारावरून पाचशे जण एका पाठोपाठ एक गेले की पायवाट एका पावसात दुप्पट रुंद होते, कारण प्रत्येक जण चिखल चुकवून कडेनं पळतो. जेलची पाकिटं हा त्यापुढचा विषय.

ग्रुपवरच्या हजारभर मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र मला कुठंच सापडली नाही. कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पांढरपाणी, मधले धनगरवाडे, यांना कुणी विचारलंय का? ज्याला आपण ट्रेल म्हणतो ती त्यांची शाळेची, दवाखान्याची, दूध घालायला जायची वाट आहे. त्यांच्यातलं कुणी तरी रोज ती पळत असेलही. रेस झाली तर फी कुठं जाणार, पाणी कुठल्या आडातून उपसणार, रात्री हेडटॉर्च लावून तीनशे जण गोठ्यापुढून गेले तर जनावरांचं काय, हे ठरवायला त्या ग्रामपंचायती लागतील. गान्सूतला मेंढपाळ आयोजकांच्या यादीत नव्हता.

मी ग्रुपवर माझा प्रस्ताव टाकलाय. डिसेंबरात, पठार वाळल्यावर. दोनशेच्या वर माणूस नाही. गावांची संमती आधी, पोस्टर नंतर, आणि फीचा ठरलेला वाटा गावांना. जॅकेट, शिट्टी, टॉर्च सक्तीचं, नसेल तर पन्हाळ्यावरूनच परत. खिंडीत मॅट नाही, फिनिश अलीकडं पांढरपाण्याला. खिंडीत ज्याला जायचं त्यानं बूट काढून चालत जावं. बक्षिसाची रक्कम बायका-पुरुषांना सारखी, आणि ती देताना लाजायचं कारण नाही. आणि वैयक्तिक रेसऐवजी टीमची. आठ जणांची टीम, एक पालखी, चार खांदे एका वेळी, वाटेत खाली टेकवली की बाद.

पहिल्या कलमांवर कुणी फार बोललं नाही. शेवटच्यावर मात्र सगळे तुटून पडले. सध्या पालखीत किती किलो वजन धरायचं यावर भांडण चालू आहे. पोरं तीस म्हणतायत, आणि आमच्यातला एक माजी पैलवान साठच्या खाली यायला तयार नाही.